पाच लेकरांची बाटली

केदारखेड्याहून पूर्णेच्या अंगाला निघालं की तीनेक किलोमीटरवर एक वाडी लागते. तिथल्या कोणत्याही लेकराला विचारा, कौसल्याबाईचं घर कुठं म्हणून. लेकरू आधी आपल्या दंडावर हात ठेवील, तुमच्याकडं एकदा संशयानं बघील आणि पळत सुटेल. पत्ता काही सांगणार नाही. पण ते ज्या दिशेनं पळालं त्याच्या बरोबर उलट्या दिशेला कौसल्याबाईचं घर, हे धरून चालावं.

कौसल्याबाई म्हणजे वाडीची आशा कार्यकर्ती. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं, बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारायच्या आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वाडीतली लेकरं लसीसाठी गोळा करायची, हे तिचं काम. वय अठ्ठेचाळीस, शिक्षण सातवी पास, अंगानं काडी. आवाज मात्र असा, की ती बुद्धविहाराच्या ओट्यावर उभी राहून हाक मारी आणि नदीकाठच्या मळ्यात खुरपणाऱ्या बाया मान वर करून बघत. नवरा पुंजाराम गवंडीकाम करतो. तो म्हणायचा, "ग्रामपंचायतीनं भोंगा उगंच इकत घेतला. हिलाच खांबावर बसवायचं व्हतं."

"बसते ना," कौसल्या म्हणायची, "भाकरी तुम्ही थापताल का मंग?"

हे काम तिनं धरलं ते धाकट्या भावामुळं. तो दोन वर्षांचा असताना एका पावसाळ्यात त्याला ताप भरला, आणि उतरला तेव्हा उजवा पाय सोबत घेऊन उतरला. पोलिओचे डोस त्या काळीही होते, पण ते यायचे तालुक्याच्या गावाला आणि वाडीला कोणी सांगायचं नाही. बापानं मग ज्यानं जे सांगितलं ते केलं. कबुतराचं रक्त चोळलं. नदीच्या तापल्या वाळूत कंबरेपर्यंत पुरून लेकराला तासन् तास बसवलं. कौसल्या तेव्हा सात वर्षांची. भावाच्या डोक्यावर ओलं फडकं धरून बसायचं काम तिचं. भाऊ आता भोकरदनला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, बसून करायचा धंदा. तो थट्टेनं म्हणतो, "ताई, माहा एक पाय गेला पण तुला नोकरी लागली." ती त्याला मारायला धावते. तो पळू शकत नाही, म्हणून ती मधेच थांबते.

तिच्या पोलिओच्या रविवारांच्या गोष्टी तर सांगाव्या तेवढ्या थोड्या. एकदा रामराव नावाचे ऐंशीचे म्हातारे काठी टेकत बूथवर आले आणि तोंड वासून खुर्चीत बसले. "दोन थेंब मलाबी टाक. गुडघे लई धरून राह्यले." कौसल्या म्हणाली, "बाबा, हे पाच वर्षांच्या आतल्याला असतंय." म्हातारा उठेना, मागं लेकरांची रांग. शेवटी तिनं नुसती त्यांच्या करंगळीच्या नखावर खूण केली. म्हातारे खुशीत निघाले ते काठी तिथंच विसरून. चार दिवस गावभर बोट दाखवत फिरले.

आणि कोरोनाच्या साली लस घ्यायची नाही म्हणून चौदा माणसं कपाशीच्या उभ्या रानात जाऊन लपली. कौसल्यानं त्यांना शोधलंच नाही. तिनं बांधावर बसून डबा उघडला, ठेचा काढला, कांदा फोडला आणि सिस्टरला मोठ्यानं म्हणाली, "घ्या सिस्टर, घाई न्हाई. मी संध्याकाळची भाकरीबी आणलीय." दोनच्या सुमाराला एकेक जण हलकेच बाहेर आला.

असं तिचं काम. हसत सांगण्यासारखं. पुढचं तसं नाही.

गोवराच्या लसीची बाटली असते बोटाच्या दोन पेरांएवढी. आत पूड. त्यात पाणी घालून कालवलं की पाच लेकरांची लस होते. पण एकदा कालवली की चार तासांच्या आत संपवायची, उरेल ती टाकून द्यायची. नियम असा की लेकरू एकच आलं तरी बाटली फोडायची. टोचणाऱ्या बेबीनंदा सिस्टरला हा नियम पाठ होता, कौसल्यालाही पाठ होता. पण महिन्याच्या मीटिंगला साहेब वाया किती गेली हे विचारायचे, आणि का गेली हेही विचारायचे. त्यातून कौसल्याला फेकण्याचाच मुळात राग. ताटातलं शीत ती फेकत नसे, दोरीचा तुकडा फेकत नसे, तर ही तर लस.

म्हणून तिनं आपली एक रीत बसवली. केदारखेड्याहून भोकरदनला जाणारी जीप जशी सीटा भरल्याशिवाय हालत नाही, तशी कौसल्याची बाटली पाच लेकरं भरल्याशिवाय फुटत नसे. अकरा महिन्यांच्या लेकराला ती नऊवाल्यासाठी थांबवी, नऊवाल्याला दहावाल्याच्या तारखेवर आणी. बोटांवर महिने मोजून, घरोघर सांगून, बरोबर पाचांची टोळी ओट्यावर आणून बसवी. "कौसल्याबाईच्या वाडीत एक थेंब वाया जात नाही," असं साहेबांनी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. टाळ्या झाल्या. तिला स्टीलचा तीन खणांचा डबा मिळाला.

पुंजाराम म्हणाला, "लस लेकरायला, डबा आपल्याला. बराबर हाय."

मागच्याच्या मागच्या सालची गोष्ट. सोयाबीन निघालं होतं आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत बोचकी बांधणं चाललं होतं. मंगळवारी विहाराच्या ओट्यावर सगळ्यांत आधी आली ती दैवशाला. नागसेनची बायको, माहेर राजूरजवळचं, वय एकवीस. नागसेनला आई नव्हती आणि दोन घरं सोडून कौसल्या राहायची, म्हणून दैवशाला लग्न होऊन आल्यापासून तिला काकू म्हणायची. मीठ संपलं तरी काकू, पोटात दुखलं तरी काकू. तिच्या पहिल्या बाळंतपणाला जीपमध्ये तिचा हात धरून बसली होती ती कौसल्याच. ती पोरगी, प्रीती, आता पावणेदहा महिन्यांची झाली होती. खाली दोन दात आले होते. कौसल्याच्या रजिस्टरला बांधलेल्या लाल दोऱ्याचा तिला भारी सोस. बसली की धरला दोरा.

"काकू, जल्दी टोचा," दैवशाला म्हणाली. "आमची टोळी परवा निघून राह्यली. भांडी बांधायचीत अजून."

"कुठं चाल्लात औंदा?"

"घनसावंगीकडं. सहा महिने आता तिकडंच."

दुपार झाली. गोवराची लेकरं आली तीन. एकाची आजी मयतीला गेली होती, एकाला ताप होता, म्हणून दोन कमी पडली. बेबीनंदा सिस्टरनं लसीची गार पेटी उघडली, बाटली हातात घेतली आणि विचारलं, "फोडू का, कौसल्याबाई?"

तिनं विचारलं होतं. हे कौसल्या पुढं कधी विसरली नाही.

"तिघांसाठी? दोन डोस फुकट जातील, सिस्टर. पुढच्या महिन्यात पाचीच्या पाची बसवते ना मी." आणि दैवशालाकडं वळून म्हणाली, "दोघं तर इथंच हायेत. तू तिकडं फडावर टोचून घे. कोप्यांवर येते सिस्टर. कार्ड दाखवलं की बिलकुल काम होतंय."

"येते का पण?"

"येते ना बाई. नियमच हाय तसा."

दैवशालानं कार्ड घडी करून पिशवीत घातलं. प्रीतीच्या मुठीतून लाल दोरा सोडवावा लागला. एकेक बोट उघडून. पोरगी रडली, सगळे हसले.

फडावर सिस्टर आलीच नाही असं कोणी म्हणत नाही. एकदा आली होती म्हणतात, पण त्या दिवशी टोळी दुसऱ्या शिवारात ऊस तोडत होती. पुढं जानेवारीत कोप्यांमधल्या, टोळीच्या झोपड्यांमधल्या, एका लेकराच्या अंगावर पुरळ उठलं. मग दुसऱ्याच्या. सहा लेकरांना गोवर झाला, त्यांतल्या एकाच्या डोळ्यात कायमचं फूल पडलं. प्रीती चौथी. शेजारच्या कोपीतल्या म्हातारीनं लिंबाचा डहाळा बांधला, अंगाला पाणी लावू नका म्हणाली, औषध देऊ नका म्हणाली, देवीआईचा कोप होतो म्हणाली. नागसेनच्या घरातून देव निघून सत्तर वर्षं होत आली. पण परकं शिवार, पाचटाची कोपी आणि मांडीवर फणफणलेलं लेकरू असलं म्हणजे जो जे सांगेल ते माणूस करतं. कौसल्याच्या बापानंही केलं होतंच की. चौथ्या दिवशी पोरीची छाती भरली, नाकपुड्या उडायला लागल्या. तेव्हा टोळीच्या मुकादमाच्या मोटारसायकलवर घेऊन निघाले. दवाखाना यायच्या आधी रस्त्यातच संपलं. कालव्याच्या कडेला माती दिली आणि तिसऱ्या दिवशी दोघं फडावर कोयता घेऊन उभे राहिले.

त्याच हिवाळ्यात गोवर इकडंही आला होता. एका लग्नातून तो शेजारच्या गावात शिरला, तिथं अकरा लेकरं पडली. वाडीत मात्र एकाच्याही अंगावर पुरळ नाही. वाडीतली पाचाच्या आतली बावन्न लेकरं, बावन्नही ठणठणीत. लग्नाला गेलेली लेकरंसुद्धा लाडू खाऊन धडधाकट परत आली. मीटिंगमध्ये साहेबांनी तेही सांगितलं, की लस घेतली म्हणजे असं होतं, आपलं लेकरू वाचतं आणि त्याच्यापासून दुसऱ्याचंही वाचतं, कौसल्याबाईच्या वाडीकडं बघा. पुन्हा टाळ्या झाल्या. नागसेनचा फोन कौसल्याला त्याच सकाळी आला होता. ती टाळ्यांत बसून राहिली. घरी आली आणि तो तीन खणांचा डबा तिनं माळ्यावर टाकला.

एप्रिलात टोळी परत आली. दैवशाला ट्रॉलीतून उतरली तेव्हा झोळीचं लुगडं घडी करून तिच्या काखेत होतं. कौसल्या तिच्या दारात गेली. काय बोलायचं ते चार दिवस घोकलं होतं.

दैवशालानं चटई टाकली. "बसा, आशाताई."

काकू नाही. आशाताई. सारी वाडी आशाताई म्हणते, त्यात वावगं काही नाही. पण त्या दिवसापासून त्या तोंडातून काकू हा शब्द कौसल्याला पुन्हा ऐकू आला नाही.

तिनं रीत मोडली. पुढच्या मंगळवारी गोवराचं एकच लेकरू आलं, ती सिस्टरला म्हणाली, "फोडा." मीटिंगला विचारणा झाली, चार डोस वाया कसे गेले म्हणून. कौसल्या उठून म्हणाली, "लिहा साहेब. म्या फोडायला लावली, असं लिहा." साहेब मग म्हणाले, नियमात आहे, बसा खाली. इतकंच. एवढ्या सोप्या गोष्टीला ती इतकी वर्षं भ्याली होती.

लसीच्या कार्डाचा एक अर्धा भाग आईकडं असतो, दुसरा आशाकडं. प्रीतीचा अर्धा भाग कौसल्याच्या पिशवीत तसाच राहिला. सगळ्या रकान्यांत तारखा होत्या. नऊ महिन्यांचा रकाना कोरा.

वर्ष गेलं. दैवशालाला मुलगा झाला. बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि मुद्दाम सहा महिने तिकडंच राहिली. तोवरच्या लसी भावजयीनं तिकडंच करून आणल्या. लेकराचं नाव आर्यन. आता राहिली होती ती एकच, गोवराची. आणि कौसल्यानं बोटांवर मोजलं तर आर्यनचे नऊ महिने भरत होते शुक्रवारी. वाडीचा मंगळवार त्याच आठवड्यात होऊन गेलेला. पुढचा मंगळवार महिन्यानं. आणि टोळी निघायची होती शनिवारी दुपारी, पुन्हा घनसावंगीच्या अंगाला, त्याच फडांवर.

शुक्रवारी ती गेली. नागसेन अंगणात कोयत्याला धार लावत होता. दैवशाला डबे पोत्यात भरत होती. आर्यन पोत्याला धरून उभा राहायच्या खटपटीत.

"दैवशाला, आर्यनला आज नऊ पुरे झाले."

"माहीत हाय. म्याच जन्म दिला त्याला."

"गोवराची लस राह्यली त्याची."

दैवशालानं मान वर केली नाही. "किती लेकरं जमली तुमची? पाच झाली का?"

नागसेनची धार थांबली. "अगं, जाऊ दे ना आता..."

"तुम्ही गप बसा वो." मग ती कौसल्याकडं बघून म्हणाली, अगदी हळू, "आशाताई, तुमच्या मीटिंगमधी म्हणत असतील, अडाणी बाया लेकरं लपवत्यात. म्या लपवली व्हती का? म्या चालत आल्ते. समद्याच्या आधी आल्ते. वापस कोणी लावून दिलं?"

"म्या," कौसल्या म्हणाली.

एवढं सरळ उत्तर येईल असं दैवशालाला वाटलं नसावं. तिनं पोत्याचं तोंड आवळलं. "उद्या बाराला ट्रॅक्टर येऊन राह्यलं. उद्या काही मंगळवार न्हाई."

"मी सिस्टरला घेऊन येते उद्या."

"एका लेकरासाठी?" ती हसली, पण ते हसू ऐकवत नव्हतं. "येतील का?"

"येतील."

"मागंबी असंच म्हणल्या व्हत्या. येते ना बाई, म्हणल्या व्हत्या." तिनं आर्यनला उचलून कमरेवर घेतलं. "ट्रॅक्टर हालेपर्यंत माहं दार उघडं हाय. पण म्या कुठंच येणार न्हाई. एकदा आल्ते."

कौसल्यानं घरी येऊन सिस्टरला फोन लावला. सिस्टर म्हणाली, "शनिवारी पेटी निघत नाही हो कौसल्याबाई. मला दवाखान्यात अहवाल भरायचेत. त्यांना म्हणावं, तिकडं फडावर टोचून घ्या. येतात तिकडं."

आपलंच वाक्य दोन वर्षांनी फोनमधून कौसल्याला परत ऐकू आलं. तिनं फोन ठेवला.

शनिवारी सकाळी ती केदारखेड्याच्या फाट्यावर पोचली तेव्हा नऊ वाजत होते. जीप उभी होती, राधेश्याम ड्रायव्हर बॉनेटवर टेकून तंबाखू मळत होता.

"सोड ना रे लवकर."

"दोन सीटा बाकी हायेत काकू."

"मला लई घाई हाय, राधेश्याम."

"भरल्याबिगर कशी सोडू? डिझेल वाया जातं फुकट." त्यानं तंबाखू दाढेत धरली. "तुम्हाला तर कळायला पायजे. तुमचं नाव हाय त्यात."

तो चेष्टेनं बोलला होता. वाडीतल्या डब्याची गोष्ट त्यालाही ठाऊक होती, पुढची ठाऊक नव्हती. कौसल्या खिडकीपाशी बसून रस्त्याकडं बघत राहिली. कोणी पिशवी घेऊन येताना दिसलं की तिला वाटे, आला. आणि तो माणूस पुढं निघून जाई. पावणेदहा झाले. दोन सीटांसाठी पाऊण तास. जीपमधले बाकीचे लोक गप्पा मारत होते, कोणाचंच काही अडलेलं नव्हतं. ज्याचं अडलेलं असतं त्यालाच फक्त ती रिकामी सीट दिसते.

भोकरदनच्या दवाखान्यात बेबीनंदा सिस्टर बडीशेप चघळत कागदांच्या ढिगात बसली होती. "अहो, काल सांगितलं ना फोनवर? कशाला तंगडतोड केली?"

कौसल्यानं पिशवीतून प्रीतीचं ते अर्धं कार्ड काढलं आणि अहवालावर ठेवलं. कडा मऊ पडल्या होत्या. सिस्टरनं नाव वाचलं, रकाने वाचले, कोऱ्या रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"हे अजून जवळ ठेवलंय तुम्ही?"

"त्या दिवशी तुम्ही मला इचारलं व्हतं, फोडू का म्हणून. आज म्या तुम्हाला इचारून राह्यले. फोडताल का? त्याच घरचं लेकरू हाय."

सिस्टरनं अहवालांचा ढीग बाजूला सरकवला. ती वाईट बाई नव्हती, दमलेली होती. मग उठून ती डॉक्टरांची सही घेऊन आली. फ्रीजरमधून बर्फाच्या पट्ट्या काढल्या आणि टेबलावर मांडल्या. आता त्या पट्ट्यांना घाम फुटेपर्यंत थांबावं लागतं, तशाच गार पेटीत घालत नाहीत. कौसल्या त्या पट्ट्यांकडं असं बघत बसली जसं काही बघितल्यानं त्या लवकर विरघळणार होत्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले तेव्हा सिस्टरनं स्कूटी काढली.

वाडीच्या रस्त्याला खड्डे. कौसल्यानं पेटी पोटाशी धरली होती. विहारापाशी वळलं तसं ट्रॅक्टर दिसलं. दोन ट्रॉल्या, त्यात पोती, शेळ्या, चुलीच्या विटा, पत्रे, माणसं. मुकादम खाली उभा राहून हाका मारत होता. नागसेन ट्रॉलीवर दोर आवळत होता. आणि दैवशाला घराच्या उंबऱ्यावर बसली होती, लेकरू मांडीवर घेऊन. सामान सगळं गेलं होतं. दार उघडं होतं.

तिनं लेकराच्या उजव्या हाताची बाही तेवढी वर सरकवली.

सिस्टरनं बाटलीत पाणी घातलं, हलवली, वेळ लिहिली, बारा वाजून दहा. सुई टोचली. आर्यननं आधी श्वास ओढला आणि मग असा सूर लावला की ट्रॉलीतल्या बाया हसायला लागल्या. चमच्यानं जीवनसत्त्वाचं औषध पाजलं, तेव्हा तो रडता रडता चाटू लागला.

"आता अर्धा तास बसायचं," सिस्टर म्हणाली. "काही त्रास झाला तर मी इथं आहे."

मुकादमानं ऐकलं. "अर्धा तास? बाई, अर्ध्या तासात आम्ही राजूर वलांडतो! चला, बसा वर."

कौसल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला टेकून उभी राहिली. बऱ्याच दिवसांत वाडीनं तिचा तो आवाज ऐकला नव्हता. "अर्धा तास! लेकरू हाय तिथं एक! एका लेकरासाठी थांबायचं!" नदीपल्याडच्या कुत्र्यांनी भुंकायला सुरुवात केली. मुकादम कानाला हात लावून सावलीत जाऊन बसला.

ती अंगणात परत आली. दैवशाला बाटलीकडं बघत होती. सिस्टरनं ती पेटीत ठेवायला घेतली होती.

"उरलेलं काय करतात ह्याचं?"

"चार तास ठेवायची," सिस्टर म्हणाली. "कोणी आलं तर द्यायची. नाही तर टाकून द्यायची."

"टाकून?"

"हो. चार डोस जातील. चालायचंच."

दैवशालानं आर्यनच्या पाठीवरून हात फिरवला. तो हुंदके देत देत झोपायला लागला होता.

"इतकं सोपं व्हतं," ती म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. मग कौसल्याकडं बघितलं. "त्या दिवशी तर दोनच टाकावे लागले असते, न्हाई का?"

कौसल्यानं मान हलवली. तिला म्हणायचं होतं, की चुकले गं माय. दोन वर्षं ते वाक्य तिच्या दाढेखाली होतं. पण ते म्हटल्यावर दैवशालाला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, जाऊ द्या म्हणावं लागलं असतं, आणि तेवढंही ओझं तिच्यावर टाकायचा कौसल्याला धीर झाला नाही. ती अंगणातली बारीक काटकी उचलून मोडत बसली.

अर्धा तास झाला. सिस्टरनं लेकराचा दंड बघितला, कपाळाला हात लावला. "जा आता. आज अंग कोमट होईल, घाबरू नका. दूध पाजत राहा." कार्डावर तारीख घातली. कौसल्यानं आपल्या अर्ध्यावर तीच तारीख लिहिली.

दैवशालानं दार ओढलं, कडी घातली. नागसेननं वरून हात दिला. लेकरू आधी वर गेलं, मग ती. पोत्यांमध्ये जागा करून बसली. लुगड्याची झोळी ट्रॉलीच्या आडव्या बांबूला आधीच बांधून ठेवली होती, त्यात आर्यनला घातलं. ट्रॅक्टरनं धूर सोडला.

"आशाताई," तिनं वरून हाक मारली. "पुढचा कधी?"

"सोळा महिने भरले की. मे महिन्यात. तवर तुम्ही वापस येता."

"अन् एकटंच लेकरू असलं तर?"

"एकटं असलं तरी. कोणत्याबी दिवशी."

दैवशालानं ऐकलं, मान फिरवून झोळीला झोका दिला. ट्रॉल्या खडखडत विहाराच्या वळणावर गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. सिस्टर पेटी घेऊन स्कूटीवर निघून गेली.

कौसल्या घरी येऊन उंबऱ्यात बसली. चार वाजून दहा मिनिटं झाली तशी तिनं घड्याळाकडं बघितलं आणि नजर काढली. दवाखान्यात आता ती बाटली टाकली असेल.

पुंजाराम कामावरून आला. नळाखाली हातावरचं सिमेंट धुता धुता त्यानं विचारलं, "टोचलं का?"

"टोचलं."

"बोलली का ती?"

"बोलली."

"काय म्हणली?"

कौसल्यानं पिशवीतून दोन्ही अर्धी कार्डं काढली होती, प्रीतीचं आणि आर्यनचं. एकाखाली एक ठेवून त्यांना लाल दोरा गुंडाळत ती म्हणाली, "आशाताई म्हणली."

पुंजारामनं मग पाणी बंद केलं.